दानू बाहेर येईपर्यंत

२० फेब्रुवारी

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि वर गृहपाठ दिला. म्हणाले, चनबसप्पा, मनात येईल ते वहीत लिहीत जा, म्हणजे बायकोवर आणि गिऱ्हाइकांवर ओरडायची वेळ येणार नाही. इतकी वर्षं नवी पेठेत चादरी आणि टॉवेल विकतोय, गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नाही. बायकोचं मात्र सांगता येत नाही. सुताच्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिलेली डायरी कोरीच पडली होती, ती काढली.

मनात एकच गोष्ट आहे. आमची दानेश्वरी, म्हणजे दानू, अंतराळात जाणार आहे. सरकारतर्फे नव्हे, एका अमेरिकन खासगी कंपनीच्या यानातून. बंगळुरूच्या ज्या कंपनीत ती इंजिनिअर आहे, त्या कंपनीने यानातली एक जागा घेतली आहे, आपण एसटीत खिडकीची जागा धरतो तशी. चौघं जाणार, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर दोन आठवडे राहून प्रयोग करणार आणि परत येणार. परत येणार हे शब्द सगळे इतक्या सहज उच्चारतात, जणू ती अक्कलकोटला जाऊन येणार आहे.

दोन दिवस राहून ती आज गेली. आता थेट अमेरिका, तिथे कुणाला न भेटता वेगळं ठेवणार, मग उड्डाण. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवली होती, वर नेण्यासाठी. दानूने ती पाहिली आणि नवव्या मिनिटाला जावयांचा बंगळुरूहून फोन. शरणबसव म्हणजे गुणी माणूस, पण बोलतात पाठ्यपुस्तकासारखं. "मामा, भाकरीचा चुरा तिथे खाली पडत नाही, तरंगतो. डोळ्यात जातो, यंत्रात जातो." चुऱ्याने बंद पडणाऱ्या यंत्रात माझी पोर बसवायची, आणि मी शांत राहायचं.

निघायच्या आधी मी दानूला समोर बसवलं. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. ते पडलं किंवा हरवलं तर माणसाचं बरं होत नाही, असं माझे आजोबा सांगत आणि त्यांच्या आवाजात अशी काही धार असायची की आंघोळीलाही आम्ही डबी मुठीत धरून बसायचो. दानूचं लिंग तर ती पोटात आठ महिन्यांची असताना वळसंगच्या स्वामींनी दिलेलं. दात येताना पोरीने डबी चावली, तो खळगा अजून तिच्यावर आहे.

मी म्हणालो, "तिकडे कुणी काहीही सांगो, हे अंगावेगळं करायचं नाही. केलंस असं कळलं, तर पुन्हा माझं तोंड बघू नकोस."

तिने डबी मुठीत धरली. मग म्हणाली, "अप्पा, त्याला मी काही होऊ देणार नाही."

शब्दाची पक्की आहे पोरगी. त्यानंतर मायलेकी देवघराचं दार लावून बसल्या त्या बसल्याच. गाडी चुकेल म्हणून मी तीनदा दार वाजवलं. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते.

३ मार्च

आज ग्रहण. चंद्र उगवायच्या आधीच लागलेलं, आपल्याकडे शेपूटच काय ते दिसणार. पण बायको, नागव्वा, दुपारपासून मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहिली. पाणी नाही, काम नाही. सुरीला हात लावायचा नाही म्हणाली, म्हणून संध्याकाळची भाजी मी चिरली.

मी म्हणालो, "अगं, हे गर्भारशीनं पाळायचं असतं. बासष्टाव्या वर्षी काय काढलंस हे?"

"तुमाला काय करायचंय री? भाजी बारीक चिरा."

जन्मभर हिने ग्रहण कधी पाळल्याचं आठवत नाही, दानूच्या वेळचं सोडलं तर. काळजीने माणूस असं होतं. मी पण आज दुकानात एका माणसाला सिंगल चादरीच्या भावात डबल दिली.

११ मार्च

आज उड्डाण होतं. झालं नाही.

आमचा सेल्समन अमरेश माझ्यासारखाच पिकल्या केसांचा, पण उत्साह लग्नातल्या करवलीचा. त्याने दुकानावर दानूचा हा मोठा बॅनर लावला आणि गल्ल्यामागे टीव्ही बसवला. अर्धी पेठ जमली. समोरच्या सराफाने पेढे आधीच आणून ठेवले. मला ते पेढे बघवेनात. अजून काही झालं नाही आणि हे तोंड गोड करायला निघाले. दुधनीहून नागव्वाचे भाऊ-भावजया गाडी करून आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

यान सरळ उभं, त्याच्या अंगातून वाफा निघतायत, आणि त्याच्या टोकावर माझी पोर पाठीवर पडून. कुठेतरी गळती सापडली म्हणून सगळं थांबवलं. चौघांना खाली उतरवलं. लोक हळहळले. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

एका वार्ताहराने तोंडासमोर माइक धरला. "काका, भीती वाटते का?"

"वाटते की," मी म्हणालो. "गळतीचं पिंप आणि त्यावर लेक. तुम्हाला नाही वाटणार?"

संध्याकाळी ते चॅनलवर दाखवलं. सराफ येऊन सांगून गेला की अशा वेळी अभिमान वाटतो असं म्हणायचं असतं. अभिमान वाटतोच. पण त्याने छातीत धडधडत नाही ना.

१९ मार्च

पाडवा. उड्डाण आणखी दोनदा पुढे गेलं. एकदा वाऱ्यामुळे, एकदा वरच्या स्थानकावरच काहीतरी दुरुस्ती निघाली म्हणून. जावई आता अमेरिकेत आहेत. त्यांनाही तिला काचेपलीकडूनच भेटता येतं. "काही काळजीचं नाही मामा," दोनदा म्हणाले. जावई दोनदा म्हणाले की मला पाणी प्यावं लागतं.

एक वेगळी काळजी लिहून ठेवतो. नागव्वाचं काहीतरी बिनसलं आहे. पूजेला पूर्वी जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट लागतो, आणि दार लावून घेते. आमच्यात पूजा म्हणजे डाव्या तळहातावर आपलं लिंग घ्यायचं, धुवायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा. त्याला दार कशाला लावायचं? सिद्धेश्वराच्या देवळाबाहेरून मी बेलाची जुडी आणतो, आठवडाभर पुरायची, ती आता अर्ध्या आठवड्यात संपते. भस्माचा खडाही संपला. विचारलं तर म्हणते, "देवाला कमी घालू व्हय?"

आणि चालताना हात छातीशी. काल भाकरी थापायला वाकली तेव्हा पण एक हात छातीशीच, आणि टिक टिक असा बारीक आवाज. बांगड्यांचा असेल. तिच्या आईला हृदयाचंच दुखणं होतं आणि तिनेही शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती, हे मला कळतं. पण एक वर जायला निघालेली आणि दुसरी इथे छाती धरून चालतेय. मी कुणाकडे बघू?

२४ मार्च

गेली.

दुपारी बाराच्या सुमारास. या वेळी मी दुकानात कुणाला बसू दिलं नाही, घरीच आम्ही दोघं. आगीचा लोळ निघाला आणि ते सगळं धूड हळूहळू, फार हळूहळू वर उचललं. मला वाटलं आता मागे बसतं. नागव्वा दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून बसली होती आणि ओठ हलत होते, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होती. "बा, अव्वा, बा" एवढं ऐकू आलं. ये बाई, ये. जाणाऱ्याला ही ये म्हणतेय.

यानाच्या आतला कॅमेरा दाखवला. चौघं पांढऱ्या पोशाखात, हनुवटीपर्यंत बंद. दानू कोणती ते मी कपाळावरून ओळखलं. भस्म नव्हतं कपाळावर. पण काचेच्या टोपात कुठे लावणार, असं मी मनाला समजावलं.

२५ मार्च

यान स्थानकाला जाऊन चिकटलं. दार उघडून एकेक जण तरंगत आत गेला. दानू तिसरी. तिथल्या लोकांनी मिठ्या मारल्या. नागव्वा म्हणाली, "बारीक झाली की." चेहरा तर सुजल्यासारखा दिसत होता. आईला पोर लठ्ठ कधी दिसली आहे?

दुपारी झोप चांगली लागली. आज गोळी घ्यायची विसरलो.

२७ मार्च

सगळं लिहितो, कारण घरात कुणाला सांगता येणार नाही.

कंपनीने घरच्यांशी बोलायची सोय केली होती. दुपारी लॅपटॉपवर दानू आली. हसत होती, केस चहूकडे उभे. प्रयोगाचं बोलली. मग मला खूश करायला म्हणाली, "अप्पा, इथे सोलापूरचा टॉवेल आहे बरं का, तुम्ही दिलेला. ओला करून लटकवला की त्यातलं पाणी हवेत जातं, ते यंत्र गोळा करतं, साफ करतं आणि आम्ही पितो."

"अंग पुसलेलं पाणी पिता?"

"सगळ्यांचं," ती म्हणाली आणि खो खो हसली.

मग म्हणाली, बघा, आणि हवेत कोलांटी मारली. तिचा सैल टी-शर्ट पोटापासून वर तरंगला, गळाही फाकला. मी मान पाहिली, गळा पाहिला. गळ्याभोवती काही नव्हतं. तिथे तर काहीच खाली बसत नाही. दोरा असता तर डबी हनुवटीपर्यंत तरंगत आली असती. पेन तरंगत होतं, माइक तरंगत होता. डबी नव्हती.

मी नागव्वाकडे पाहिलं नाही. तिच्या लक्षात आलं असतं तर ती तिथेच कोसळली असती. ती आपली "जेवलीस का" विचारत होती. दानू जाताना म्हणाली, "अव्वा, बरी आहेस ना? जप."

"व्हय व्हय, जपलालेय," नागव्वा म्हणाली.

मुलीला पण आईच्या छातीचं काही माहीत आहे की काय? सगळ्यांना सगळं माहीत आणि मी तेवढा वेडा.

दानूने शब्द मोडला. मला आज राग यायला हवा होता. राग येत नाही, नुसती भीती वाटते. ती तिथे उघडी आहे, असं वाटतं. जमिनीपासून एवढ्या उंच, बाहेर हवा नाही, काही नाही, आणि अंगावर लिंगही नाही.

२९ मार्च

राहवेना म्हणून वळसंगला गेलो. नागव्वाला सांगितलं, एका शेतकऱ्याकडे चादरींची उधारी अडकली आहे. मठातले स्वामी आता खूप थकले आहेत, कान मात्र शाबूत. नाव न घेता विचारलं, एखाद्याचं लिंग काही दिवस अंगावर नसेल तर काय होतं, त्याला प्रायश्चित्त काय.

"कुनाचं?"

"गिऱ्हाईक आहे एक."

स्वामींनी मान वर केली. "गिऱ्हाइकाला आई हाय का?"

"आहे."

"मग तिला इचार म्हनावं."

मी म्हणालो, महाराज, आईला विचारून कसं चालेल, ती हाय खाईल, तिची प्रकृती बरी नाही. ते हसले. दात नसलेलं हसू. "नागव्वा मागच्या महिन्यात आलती हितं. बरी हाय न्हवं?"

म्हणजे ही मला न सांगता इथे येऊन गेली. छातीसाठी नवस बोलायला आली असणार, दुसरं काय. स्वामींकडून मला काही उपाय मिळाला नाही. म्हातारपणी बोलणं भरकटतं माणसाचं. प्रसादाची साखर घेऊन परत आलो. बसमध्ये एका बाईने टीव्हीवरून ओळखलं आणि पाया पडायला वाकली. मला तोंड लपवावंसं वाटलं.

२ एप्रिल

आज भांडण झालं, आणि ते रस्त्यावर झालं.

नागव्वाला फिरायला म्हणून बाहेर काढलं आणि होटगी रोडच्या हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. नर्सबाई म्हणाली, मावशी, ईसीजीची पट्टी काढायची आहे, वरचं मोकळं करा. ही खुर्चीतून उठली ती थेट जिना उतरून रस्त्यावर. मी मागे.

"अगं, बाईमाणूस आहे ती. तिच्यापुढे कसली लाज?"

"लाज न्हाय. मला काय झालेलं न्हाय."

"मग छाती का धरतेस? वळसंगला का गेली होतीस चोरून?"

ती थांबली. स्वामींनी सांगितलं हे तिला कळलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता सांगेल. पण तिने पदर आवळला. "आत्ता इचारू नगा. ती खाली आली की सांगते."

"तोवर तुला काही झालं तर? मी पोरीला काय सांगू?"

"मला आत्ता काय बी होनार न्हाय," ती म्हणाली. "मला होऊन चालत न्हाय."

मी ओरडलो, एवढं खरं. रसवंतीवरची माणसं बघायला लागली. मग आम्ही दोघांनी एकेक ग्लास रस प्यायला आणि घरी आलो.

६ एप्रिल

उद्या परत निघायचं होतं, पुढे ढकललं. जिथे उतरणार त्या समुद्रात लाटा मोठ्या आहेत. शिवाय यानाच्या एका झडपेचं तापमान जास्त दाखवतंय. जावई म्हणाले, "काही काळजीचं नाही मामा." पण एकदाच म्हणाले. मला त्यांची पहिल्यांदा दया आली. मी काय, बाप आहे, ओरडून मोकळा होतो. ते तिकडे एकटे.

"शरणबसव, जेवता का वेळेवर?" मी विचारलं.

"भूक लागत नाही," ते म्हणाले, आणि पाठ्यपुस्तक तिथे संपलं.

परत येतानाचं सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं, मीच हट्ट केला म्हणून. यान हवेत शिरताना त्याच्याभोवती आग पेटते. काही मिनिटं संपर्क तुटतो. मग छत्र्या उघडतात. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, मी तर त्याला घरी बोलावून पाट मांडला.

७ एप्रिल

गेले तीन दिवस दोन लाडवांवर काढले. नागव्वा मात्र वेळेवर जेवते, दुपारी पडते, दूध पिते. आईचं काळीज की दगड, असं मनात आलं. मग लाज वाटली.

दानूला फोन करून विचारावंसं वाटतं, बाई, लिंग कुठे आहे? तुझ्या बॅगेत आहे का? असेल तर गळ्यात घाल आणि मग ये. पण तिथे फोन लागत नाही, आणि लागला तरी मला तो शब्द तोंडातून काढता येईल असं वाटत नाही. माझं तोंड बघू नकोस असं मी म्हणालो होतो. देवा, ती येऊ दे. तोंड बघू दे. मी डबीचं नावसुद्धा काढणार नाही.

९ एप्रिल

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

दुपारची वेळ. अमरेशला सांगितलं होतं, नातेवाईक, वार्ताहर, सराफ, सगळ्यांना दुकानातच अडवून धर. घरात आम्ही दोघं, टीव्ही, आणि मध्ये टेबलावर जावयांचा फोन चालू. बाहेर उन्हाने डांबर वितळतंय. पंख्याचा आवाज नको म्हणून नागव्वाने पंखा बंद केला.

यान हवेत शिरलं. जावई म्हणाले, "आता संपर्क तुटेल. हे होतंच." तुटला. टीव्हीवर नुसत्या रेघा, आणि निवेदक बाई इकडचं तिकडचं बोलत होती. थोड्या वेळाने तिचंही बोलणं संपलं. मग मला ते असह्य झालं. इतके दिवस एकट्याने ओढत आणलेलं ते तिथेच सांडलं.

"नागव्वा," मी म्हणालो, "दानूच्या गळ्यात लिंग नाही. मी त्या दिवशी बघितलं. तुला सांगितलं नाही."

तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. "ठावं हाय."

मला वाटलं तिने ऐकलंच नाही. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा तिने पोलक्याच्या गळ्यात हात घातला आणि दोरा बाहेर काढला. एक दोरा, मग दुसरा. दोन डब्या. तिची मोठी. आणि दुसरी लहान, कडेला दाताचा खळगा.

मी हात पुढे करून त्या खळग्यावर बोट फिरवलं.

"त्यांच्या पोशाखात गळ्यात दोरा चालत न्हाय," ती म्हणाली. नजर अजून तिकडेच. "पिशवीत घालून कपाटात ठेवा म्हनले तिला. ती म्हनली, अव्वा, हे काय सामान हाय व्हय, कपाटात टाकायला? मी म्हनलं, आन हिकडं. स्वामींना इचारून मग बांधलं."

"पण दुसऱ्याच्या अंगावर..."

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्याच्या? ती पोटात व्हती तवा आठव्या महिन्यापासनं कुनाच्या अंगावर व्हतं? दोन्ही मीच वागवली की. जन्मली, मग तिच्या गळ्यात बांधलं. आता बी ती आतच हाय. बाहेर येऊ दे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तोंड बघू नगंस म्हनला न्हवं का तुमी. तुमी इसरला असता. ती न्हाय इसरत."

फोनमधून जावयांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, त्यांनी सगळं ऐकलं असणार. मी नागव्वाच्या शेजारी जमिनीवर सरकून बसलो. तिने दोन्ही डब्या मुठीत घेऊन छातीशी धरल्या आणि मी तिच्या मुठीवर हात ठेवला. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धाड धाड उडत होतं. हीच ती छाती, जिची मी पट्टी काढायला निघालो होतो.

मग टीव्हीवर खरखर झाली आणि एका पुरुषाचा आवाज आला, तुटक, दमलेला. यानाचा प्रमुख बोलत होता. जावई ओरडले. छत्र्या निघाल्या. एक, दोन, तीन पसरल्या, चौथी चुरगाळलेल्या फडक्यासारखी लोंबतच राहिली. "उघडते, उघडते," जावई म्हणत होते, आम्हाला की स्वतःला ते कळत नव्हतं. नागव्वा "बा, अव्वा, बा" म्हणत होती आणि मीही म्हणायला लागलो. उघडली. यान पाण्यात पडलं, एकदा बुडाल्यासारखं झालं आणि वर आलं.

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. जहाजावर घेतलं, दार उघडलं. एकेकाला धरून बाहेर काढलं. दानू आली तेव्हा तिला दोघांनी खांद्यांना धरून उचललेलं होतं, पाय लटकत होते, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. उजेडात डोळे मिचकावत होती. मग तिने हात हलवला.

नागव्वा रडत रडत मानेमागे हात नेऊन दोरा सोडायला लागली. गाठ सुटेना. "सोडा की," ती मला म्हणाली. मलाही सुटेना, घामाने आवळलेली होती. शेवटी दातांनी सोडवली. लहान डबी तिने दोन्ही तळहातांवर घेतली आणि मग आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. पोर बाहेर आली होती, पण होती सातासमुद्रापलीकडे. घरी यायला अजून महिना.

"तोवर मी घालतो," मी म्हणालो.

तिने डबी मुठीत मिटली.

"बापाने घातलेलं चालतं का? स्वामींना विचारून येऊ का?"

"स्वामी काय सांगतील? आईला इचार म्हनतील."

"मग सांग की. चालतं का?"

तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि माझ्या मागे येऊन दोरा बांधला. "चालतंय," म्हणाली. बेलाची आणि भस्माची वेळ मग तिने तीनदा समजावून सांगितली, मी आयुष्यात पहिल्यांदाच पूजा करणार असल्यासारखी.

संध्याकाळी दानूचा फोन आला. आवाज जड. "अप्पा, मान उचलवत नाही. चमचासुद्धा जड लागतोय." मग म्हणाली, "अव्वाने सांगितलं?"

"सांगितलं."

"रागावलात?"

"रागावलोच आहे," मी म्हणालो. "लवकर ये आणि तुझं घेऊन जा. आणि दोन दिवस माझ्यासमोर बसून राहा. मला तुझं तोंड बघायचं आहे."

ती रडली की हसली, कळलं नाही.

दुकानात पेढे वाटून संपले म्हणे, बाहेर फटाके वाजतायत. नागव्वाला ढाराढूर झोप लागली आहे, कधी नव्हे ती घोरतेय. मी टेबलाशी बसून हे लिहितोय. लिहायला वाकलो की दोन डब्या एकमेकींवर आपटून टिक टिक आवाज होतो आणि ती कूस बदलते. तेव्हा आज एवढंच. जरा ताठ बसतो.